मतदान केंद्रावरचे चौदा तास: मोल्दोव्हासारख्या देशात निरीक्षकाने नेमकं काय पाहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत राहणाऱ्या आणि तिथलं नागरिकत्व घेतलेल्या एका मराठी वाचकाचं नाव आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षकांच्या यादीत आलं आहे. पूर्वी महाराष्ट्रात एका पक्षाचा मतदान प्रतिनिधी म्हणून बूथवर बसण्याचा अनुभव आहे. विचारणा अशी की, मोल्दोव्हासारख्या पूर्वीच्या सोव्हिएत देशात संसदेच्या निवडणुकीला पाठवलं तर दिवसभर पाहायचं काय? तिथे ईव्हीएम नाही, सगळं कागदावर. गडबड कशी ओळखायची?

आधी एक गैरसमज बाजूला करतो. मतदान प्रतिनिधी पक्षाचा माणूस असतो. तो आक्षेप घेतो, बोगस मतदाराला अडवतो, केंद्राध्यक्षाशी वाद घालतो. निरीक्षकाला यातलं काहीही करता येत नाही. चूक डोळ्यांसमोर होत असली तरी ती दुरुस्त करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, मतपत्रिकेला हात लावायचा नाही. प्रश्न विचारता येतो आणि नोंद करता येते, एवढंच. बूथवर बसलेल्या माणसाला ही सवय मोडणं सगळ्यात जड जातं. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न असा आहे: चौदा तासांत कुठे उभं राहायचं आणि कोणते आकडे टिपायचे, म्हणजे तुमची नोंद शेकडो इतर नोंदींच्या शेजारी ठेवल्यावर काही सांगू शकेल?

उत्तर देश आणि वर्षाप्रमाणे बदलतं. जॉर्जियात २०२४ साली बहुतेक केंद्रांवर मतमोजणीची यंत्रं होती, किर्गिझस्तानात बोटांचे ठसे तपासले जातात, आर्मेनियाची पद्धत आणखी वेगळी. शिवाय कायदे निवडणुकीच्या तोंडावरही बदलतात, म्हणून नेमणुकीनंतर मिळणारी माहितीपुस्तिका माझ्या उत्तरापेक्षा वरचढ समजा. तुम्ही मोल्दोव्हाचं नाव घेतलंय, तर २८ सप्टेंबर २०२५ची निवडणूक समोर ठेवून सांगतो. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या (ओएससीई) ज्या निवडणुका पाहणाऱ्या कार्यालयाला सगळे ‘ओडिर’ म्हणतात, त्याच्या पद्धतीने काम होतं असं धरलंय. भारत ओएससीईच्या ५७ देशांत नाही, म्हणून या मोहिमांमध्ये दिसणारी मराठी माणसं बहुधा तुमच्यासारखी, तिकडचं नागरिकत्व घेतलेलीच असतात.

आता तिथली रचना, कारण गडबड कुठे संभवते ते तिच्यावरूनच कळतं. संसदेत १०१ जागा. मतदारसंघ नाहीतच, अख्खा देश एकच मतदारसंघ. मतदार पक्षाच्या यादीला मत देतो आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. पक्षाला किमान ५ टक्के, निवडणूक आघाडीला ७ टक्के आणि अपक्षाला २ टक्के मतं मिळाली नाहीत तर हाती शून्य. (२०१९मध्ये एकदा ५० जागा यादीतून आणि ५१ मतदारसंघांतून असा मिश्र प्रयोग झाला होता, तो लगेच मोडीत काढला.) २०२५मध्ये सत्ताधारी ‘पास’ पक्षाला ५० टक्क्यांच्या किंचित वर मतं आणि ५५ जागा मिळाल्या, माजी अध्यक्ष इगोर दोदोन वगैरेंच्या देशभक्त आघाडीला २६, ‘अल्टरनाटिवा’ला ८, आणि उरलेल्या दोन पक्षांना प्रत्येकी ६. त्यातल्या शेवटच्या पक्षाची मतं साडेपाच टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे अर्ध्या-पाऊण टक्क्यावर सहा खासदार टांगलेले होते.

याचा अर्थ असा की एखाद्या गावातलं केंद्र ताब्यात घेऊन फार काही साधत नाही. आपल्याकडे चुरशीच्या विधानसभा मतदारसंघात पाचशे मतं फिरली तर आमदार बदलतो. तिथे सुमारे सोळा लाख मतांत पाचशे मतं कुठे हरवतात कळत नाही. निकाल फिरवायचा असेल तर देशभर पातळ पसरलेली गोष्ट करावी लागते, आणि ती म्हणजे पैसा. २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांच्या खात्यांत रशियातून पैसे आल्याचं तिथल्या पोलिसांनी सांगितलं होतं. इलान शोर या फरारी उद्योजकाचं जाळं त्यामागे असल्याचा आरोप होता. हे पैसे केंद्रावर वाटले जात नाहीत, मोबाईलवरच्या बँकेच्या ॲपमधून येतात. मतदानाच्या दिवशी तुम्हाला शांत रांग आणि हसतमुख कर्मचारी दिसतील. त्यावरून ‘मतदान शांततेत झालं’ एवढंच म्हणता येतं. महिनाभर आधीपासून जिल्ह्यांत राहणारे दीर्घकालीन निरीक्षक पैसा, प्रचार, माध्यमं आणि न्यायालयं बघतात. तुमच्या वाट्याला येतो तो एक दिवस आणि एक रात्र.

मतदान सकाळी ७ ते रात्री ९. ज्या केंद्राचं उघडणं पाहायचं ठरलं असेल तिथे सव्वासहापर्यंत पोहोचा. केंद्र बहुधा शाळेत किंवा सोव्हिएत काळातल्या सांस्कृतिक भवनात असतं. मतपेट्या पारदर्शक असतात, तरी रिकामी पेटी सगळ्यांना दाखवून सील लावली का ते पाहा आणि सीलचे क्रमांक वहीत उतरवा. रात्री हेच क्रमांक जुळवायचे आहेत, आणि ही नोंद सकाळी न घेणारे निरीक्षक रात्री काहीच सांगू शकत नाहीत. मतदारांच्या घरी नेल्या जाणाऱ्या फिरत्या पेट्यांचे क्रमांकही विसरू नका. त्या कोपऱ्यात ठेवलेल्या असतात आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. मिळालेल्या मतपत्रिकांचा आकडा केंद्राध्यक्षांना विचारून त्याच वेळी लिहा. ऐनवेळी एखाद्या पक्षाची उमेदवारी रद्द झाली असेल (२०२५मध्ये मतदानाला दोन दिवस उरले असताना असं घडलं), तर त्याच्या नावापुढे माघारीचा शिक्का सगळ्या मतपत्रिकांवर मारलाय का, हेही तेव्हाच पाहा. काही गठ्ठ्यांवर शिक्का आणि काहींवर नाही, असं झालं तर रात्री बाद मतांवरून भांडण ठरलेलं.

उघडणं पाहून झालं की पुढे दिवसभर दहा-बारा केंद्रं, प्रत्येकी साधारण अर्धा तास. जोडीदार दुसऱ्या देशाचा असतो, सोबत स्थानिक दुभाषा आणि चालक. आत गेल्यावर लगेच फॉर्म काढू नका. पाच मिनिटं गप्प उभं राहा आणि एका मतदाराचा प्रवास डोळ्यांनी पूर्ण करा. दारात संगणकावर बसलेला कर्मचारी ओळखपत्रावरचा क्रमांक टाकतो. त्या माणसाने आधी दुसरीकडे मत दिलंय का, हे केंद्रीय नोंदवहीत दिसतं. मग यादीत सही, हातात मतपत्रिका, पडद्याआड जाऊन ‘वोटाट’ असं कोरलेला शिक्का एका वर्तुळात. घडी घालून मतदार बाहेर येतो, कर्मचारी मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला नियंत्रण शिक्का मारतो, आणि मगच ती पेटीत जाते. नियंत्रण शिक्का नसलेलं मत बाद.

हा मागचा शिक्का पाहायला टेबलाच्या बाजूला उभं राहा, समोर नको. मतदाराने घडी नीट घातली नसेल, किंवा कर्मचारी शिक्का मारताना मतपत्रिका उघडून सरळ करत असेल, तर मत कुणाला दिलं ते दिसतं. बहुतेक वेळा यात कट नसतो. लांबलचक कागद, छोटं टेबल आणि घाई असते. तरी नोंद करायचीच, कारण गुप्तता गेली ती गेलीच. पण हे एका म्हाताऱ्या मतदाराच्या बाबतीत झालं की अर्ध्या तासात दहा वेळा, हे लिहिलं नाही तर नोंदीला किंमत राहत नाही.

पैसे देऊन मत घेणाऱ्याला पुरावा लागतो. तो दोन मार्गांनी मिळतो. एक म्हणजे पडद्याआड मोबाईलवर काढलेला फोटो. त्याला बंदी आहे. पडद्याआडून क्लिकचा आवाज आला की वेळ लिहा. दुसरा जुना आणि जास्त चलाख मार्ग: पहिला मतदार कोरी मतपत्रिका खिशात घालून बाहेर येतो, बाहेर कुणीतरी ती भरतो, दुसरा मतदार भरलेली पेटीत टाकतो आणि स्वतःला मिळालेली कोरी बाहेर आणतो. अशी साखळी दिवसभर चालते. समोर उभं राहून ती दिसत नाही. ती दिसते रात्री, एका वजाबाकीत, तिच्याकडे येतोच.

दुपारी एक काम करा जे बहुतेक नवखे करत नाहीत. तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय मतदान जवळजवळ त्या क्षणाचं दिसतं, कारण ते दारातल्या संगणकावरून जातं. केंद्रात असताना फोनवर तो आकडा पाहा आणि केंद्राध्यक्षांना आतापर्यंतच्या सह्या विचारा. पाच-सातचा फरक चालतो, रांगेतले लोक असतात. पन्नासचा असेल तर कारण विचारा; बहुधा नेट गेलेलं असतं किंवा संगणकावरचा माणूस जेवायला गेलेला असतो आणि नोंदी मागाहून होत असतात. कारण पटलं तरी लिहा. त्याचबरोबर पुरवणी यादीत किती नावं चढली तेही विचारा. विद्यार्थी आणि पत्ता बदललेले लोक तिथे येतात. वसतिगृहाजवळच्या केंद्रात ती यादी लांब असणं साहजिक आहे, द्राक्षमळ्यांच्या गावात ती लांब असेल तर मिनिटभर थांबून बघावं.

फिरती पेटी आजारी आणि वृद्ध मतदारांच्या घरी जाते. किती विनंत्या आल्या, किती मतपत्रिका घेऊन गेले, किती मतं आली आणि किती कोऱ्या परत आल्या, हे चार आकडे जुळायला हवेत. विनंत्यांचे अर्ज एकाच हस्ताक्षरात असतील तर ते पाहण्यासारखं आहे. गावातली समाजसेविका सगळ्यांचे अर्ज लिहून देते, म्हणून तेवढ्यावरून निष्कर्ष मात्र काढू नका.

ट्रान्सनिस्त्रियाच्या बाजूला नेमणूक झाली तर दिवस वेगळा जातो. नदीपलीकडचा तो पट्टा राजधानी किशिनाऊतल्या सरकारच्या ताब्यात नाही, तिथे केंद्र नसतं. तिथले मतदार नदी ओलांडून अलीकडच्या केंद्रांवर येतात. २०२४मध्ये त्यांच्यासाठी ३० केंद्रं होती, २०२५मध्ये १२. सरकारने सुरक्षेचं कारण दिलं, विरोधकांनी मतदार अडवल्याचा आरोप केला. तुम्हाला त्या वादात निकाल द्यायचा नाही. रांगेत लोक किती वेळ उभे होते, रात्री ९ला रांगेतल्यांना आत घेतलं का, बसेस कुणी आणल्या आणि पुलावर कुणाला अडवलं, हे वेळेसह लिहिलंत की वरच्या टेबलावर बसलेल्यांना त्यातून काढायचं ते काढता येतं.

आता रात्र. माझा आग्रह आहे की दुपारी चारला तासभर झोप काढा, कारण महत्त्वाचं सगळं रात्री नऊनंतर आहे. आपल्याकडे मतदान संपलं की यंत्रं सीलबंद होऊन स्ट्राँगरूममध्ये जातात, मोजणी नंतर दुसरीकडे होते, आणि प्रतिनिधीच्या हाती नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, म्हणजे नमुना १७-सीची, प्रत राहते. मोल्दोव्हात मोजणी त्याच खोलीत, त्याच रात्री, तेच थकलेले कर्मचारी करतात. पहाटे पाचपासून जागे असतात बिचारे.

मोजणीत क्रम हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. आधी न वापरलेल्या मतपत्रिका मोजून रद्द करायच्या. मग यादीतल्या सह्या मोजायच्या. हे दोन्ही आकडे मोठ्याने सांगून कागदावर चढवायचे. त्यानंतर फिरत्या पेट्या, शेवटी मोठी पेटी. हा क्रम का? समजा केंद्राला १,२०० मतपत्रिका मिळाल्या. ५६० उरल्या, म्हणजे ६४० दिल्या गेल्या; सह्याही ६४० हव्यात. हे आधीच लिहून झालं असेल तर पेटीतून किती निघायला हव्यात ते ठरलं, आणि कुणालाही हातचलाखीला जागा उरत नाही. उलट पेटी आधी उघडली, त्यातून ६५५ निघाल्या, आणि मग सह्या मोजायला घेतल्या, तर त्या ६५५च भरतात. थकलेली माणसं मुद्दाम नाही, पण आकडा माहीत असला की त्याच्याकडेच मोजत जातात. म्हणून क्रम उलटला की, बाकी सगळं नीट दिसलं तरी, ‘प्रक्रिया पाळली नाही’ असंच लिहायचं.

समजा पेटीतून ६३७ निघाल्या. ६४० दिल्या, ६३७ सापडल्या, तीन बाहेर गेल्या. हीच ती मघाची वजाबाकी. एक, दोन, तीन हे नेहमीचं आहे. कुणीतरी आठवण म्हणून नेते, कुणी रागाने फाडते. मोजणीच्या तक्त्यात या फरकाची स्वतंत्र ओळच असते. मघाच्या साखळीत मात्र सुरुवातीची एक कोरी बाहेर जाते आणि पुढे हिशेब सारखा राहतो, त्यामुळे एका केंद्रावर फरक फक्त एकचा दिसतो. म्हणूनच तुमचा एकट्याचा आकडा काही सिद्ध करत नाही; एकाच तालुक्यातल्या चाळीस केंद्रांवर ‘एक’ दिसला तर विश्लेषकांचे कान टवकारतात. आणि पेटीतून दिलेल्यांपेक्षा जास्त निघाल्या, म्हणजे ६४०च्या जागी ६४१, तर तो फरक एकचा असला तरी गंभीर. कमी निघण्याला शंभर निरुपद्रवी कारणं असतात, जास्त निघण्याला फारच थोडी.

मतांची वर्गवारी होताना प्रत्येक मतपत्रिका सगळ्यांना दिसेल अशी धरतात का ते बघा. पाच जण पाच टेबलांवर एकदम वेगळे ढीग करत असतील तर काम लवकर आटोपतं, पण निरीक्षकाला काहीच कळत नाही. बाद मतांच्या ढिगाशी सर्वाधिक वेळ घालवा. शिक्का दोन वर्तुळांत, वर्तुळाबाहेर, मागचा शिक्का नाही, अशी कारणं असतात. तुम्ही ठरवायचं नाही हे मत कुणाचं. बघायचं ते इतकंच, की एकाच प्रकारचं मत एका पक्षाच्या बाबतीत ग्राह्य आणि दुसऱ्याच्या बाबतीत बाद ठरतंय का.

मग तक्ता भरतात. वरच्या उदाहरणात ६३७पैकी ९ बाद, ६२८ वैध, आणि पक्षांच्या मतांची बेरीज ६२८ यायला हवी. पहिल्या झटक्यात ती जुळत नाही. रात्री साडेबाराला सहसा कुणाचीच जुळत नाही. पुन्हा मोजतात का, की कॅल्क्युलेटर घेऊन मधलाच एखादा आकडा बदलतात, हे पाहण्यासाठीच तुम्ही इतका वेळ जागे आहात. आणखी एक लाल निशाण: सह्या-शिक्के आधीच मारून ठेवलेला कोरा तक्ता. कारण विचारलं तर ‘वेळ वाचतो’ असं सांगतात, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण तो कोरा कागद केंद्राध्यक्षांच्या पिशवीतून जिल्हा निवडणूक मंडळाकडे गेला, तर वाटेत किंवा तिथल्या कॉरिडॉरमध्ये त्यावर काय लिहिलं जाईल याला साक्षीदार नाही. आधी सही केलेला तक्ता दिसला तर वेळ आणि कुणाच्या हातात होता ते लिहा.

तक्त्याची प्रत मागा. ती मिळण्याचा हक्क आहे. दारावर लावली का तेही बघा. मग केंद्राध्यक्षांच्या गाडीमागे जिल्हा मंडळापर्यंत जा. तिथे रांग, उकाडा आणि चिडचिड असते, बेरीज न जुळलेले लोक तक्ते दुरुस्त करत बसलेले असतात. दुरुस्ती ज्या आकड्याची झाली तो तुमच्या प्रतीशी ताडून बघा. बाद मतांचा आकडा आणि दिलेल्या मतपत्रिकांचा आकडा यांची अदलाबदल झाली असेल तर ती साधी चूक. एखाद्या पक्षाची मतं बदलली असतील तर ती वेगळी गोष्ट. प्रोमो-लेक्ससारख्या स्थानिक संस्था समांतर बेरीज करतात. त्यांची माणसं शेजारी असतील तर त्यांनी काय टिपलंय ते ऐका, पण तुमच्या फॉर्मवर फक्त तुम्ही पाहिलेलं जाऊ द्या.

याच वेळी फोनवर नातेवाइकांचे संदेश येऊ लागतील: ‘आघाडी का बदलतेय?’ हे आधीच माहीत असलेलं बरं. देशातल्या छोट्या गावांची मोजणी लवकर संपते, परदेशातल्या केंद्रांची उशिरा. अमेरिका खंडातली केंद्रं तर किशिनाऊत पहाट झाल्यावर बंद होतात. इटली, जर्मनी, फ्रान्समधले स्थलांतरित मोठ्या संख्येने मत देतात आणि ते प्रामुख्याने युरोपवादी असतात. २० ऑक्टोबर २०२४च्या युरोपीय संघाविषयीच्या सार्वमतात रात्रभर ‘नाही’ पुढे होतं आणि शेवटी ‘होय’ ५०.३५ टक्क्यांनी जिंकलं, ते यामुळे. वळण उशिरा आलं म्हणून निकाल संशयास्पद ठरत नाही. त्याची कारणं मतदारांच्या भूगोलात आहेत. परदेशातल्या मतदानाच्या खऱ्या अडचणी वेगळ्याच असतात: २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत केंद्रामागे ३,००० मतपत्रिकांची मर्यादा होती, आणि बोलोन्यासारख्या शहरांत रांगेत माणसं उभी असतानाच त्या संपल्या.

फॉर्मच्या शेवटी एकूण मत द्यायचं असतं, खूप चांगलं ते खूप वाईट. नवखे दोन टोकांना जातात: चहा-पेस्ट्री दिली म्हणून चांगलं, केंद्राध्यक्ष ओरडले म्हणून वाईट. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय असलेलं केंद्र आणि बदललेला तक्ता या दोन्ही त्रुटीच आहेत, पण एकाच वजनाच्या नाहीत. मी स्वतःला विचारायला सांगतो: जे पाहिलं त्याने इथला आकडा बदलू शकला असता का, आणि बदलला असता तर कुणाला कळलं असतं का? दोन्ही उत्तरं वाईट असतील तरच वाईट लिहा.

आणि सोमवारी सकाळी काही बोलू नका. ५ एप्रिल २००९च्या निवडणुकीनंतर कम्युनिस्टांना ६० जागा मिळाल्या, तेव्हा संसदेतून देशाचा अध्यक्ष निवडायला ६१ लागत होत्या. निरीक्षकांचं प्राथमिक निवेदन बऱ्यापैकी अनुकूल होतं; दोन दिवसांत जमावाने संसद भवनाला आग लावली, आणि जुलैत पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. त्या गदारोळात कुणा एका निरीक्षकाचं ‘आमच्या केंद्रावर सगळं ठीक होतं’ हे वाक्य कुणीही कशासाठीही वापरू शकलं असतं. मोहिमेचं निवेदन मतदानानंतरच्या दिवशी दुपारी येतं, ते मोहिमेचे प्रमुख वाचतात. पत्रकाराने गाठलं तर मोहिमेच्या माध्यम प्रतिनिधीचा नंबर द्या. फेसबुकवर केंद्रावरचा फोटो टाकू नका, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. तिथून तो अर्ध्या तासात कुठे जाईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.